वाचकांचे प्रश्न : डोंगरात नेण्याच्या सुरीची धार

गेल्या अंकात पावसाळी भटकंतीच्या सामानाविषयी जो लेख आला होता, त्यात ‘सुरी न्यावी आणि ती धारदार असावी’ एवढे एकच वाक्य सुरीच्या वाट्याला आले होते. ती धारदार करायची कशी, हे विचारणारी पत्रे त्यानंतर आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे स्वीडनमधील मोरा येथे तयार झालेली, न मिटणारी, कार्बन पोलादाची सुरी आहे. लाकूड तासून आणि दोर कापून तिची धार गेली. हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आणला आणि दोन्ही बाजूंना अगदी मोजून सारखेच हात फिरवले, तरी सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते. दगड हलका आहे का? (एक वाचक, पुणे)

दगड बहुधा ठीक आहे आणि तुमची मेहनतही कमी पडलेली नाही. थांबायचे कधी, हे तुम्ही हातांच्या संख्येवरून ठरवलेत, तेथे अडचण झाली आहे.

धार म्हणजे दोन उतार एकमेकांना जेथे मिळतात ती रेषा होय. सुरी बोथट होते तेव्हा ही रेषा झिजून तिच्या जागी एक अतिशय अरुंद, गोलसर कड तयार होते. दिव्याखाली सुरी धार वर करून धरा आणि तिच्याकडे सरळ पाहा. जेथे धार शाबूत आहे तेथे काहीच दिसणार नाही, कारण प्रकाश परतवण्याइतकी रुंदीच तेथे नसते. जेथे ती बोथटली आहे तेथे मात्र पांढरी बारीक रेघ चमकेल. घासण्याचा हेतू इतकाच की दोन्ही उतारांवरून धातू काढत काढत ती चमकणारी कड नाहीशी व्हावी आणि उतार पुन्हा एकमेकांना भिडावेत. किती हातांत ते होईल हे पात्याच्या झिजेवर, पोलादावर आणि दगडावर अवलंबून असल्यामुळे कोणतीही ठराविक संख्या येथे उपयोगी पडत नाही.

उतार भिडल्याची खात्रीची खूण एकच आहे. एका बाजूने घासत असताना धातू जेव्हा थेट कडेपर्यंत झिजतो, तेव्हा कडेच्या पलीकडे, म्हणजे दगडाला न लागलेल्या बाजूला, धातूची केसाहून बारीक कोर उलटी वळून उभी राहते. कारखान्यात तिला बर म्हणतात. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणून अलगद हवेत सोडला, म्हणजे ही कोर खरखरीत लागते. कापसाचा बोळा तसाच ओढला तर त्याचे तंतू तिच्यात अडकतात. अंगठा धारेच्या लांबीवरून मात्र कधीही फिरवू नये. मुठीजवळच्या भागापासून टोकापर्यंत, मध्ये कोठेही खंड न पडता बर लागली, तरच त्या बाजूचे काम झाले असे समजावे. बहुतेकांच्या हातून मधला भाग घासला जातो, पण मुठीजवळचा अर्धा इंच आणि टोकाचा वळलेला भाग कोराच राहतो, आणि सुरी ‘कधी कापते, कधी नाही’ अशी वागू लागते.

आता तुमच्या सुरीविषयी. मोरा परिसरात १८९१ पासून सुऱ्या घडवणाऱ्या कारखान्याची परंपरा आहे आणि तेथील सुऱ्यांचा उतार सहसा एकच, रुंद आणि सपाट असतो. दोन्ही बाजू मिळून त्याचा कोन पंचवीस अंशांच्या आसपास भरतो. या घडणीचा मोठा लाभ असा की कोन अंदाजाने धरावा लागत नाही. तो रुंद उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप साधतो. त्या उतारावर जाड मार्करने काळा रंग द्या, दगडावर दोन-चार हात फिरवा आणि पाहा. रंग फक्त वरच्या काठाचा गेला असेल तर सुरी फार आडवी धरली गेली आहे, फक्त धारेलगतचा गेला असेल तर पाठ जास्त उचलली गेली आहे. सगळा उतार एकसारखा उघडा पडेपर्यंत हात सुधारत राहा. ही युक्ती साधी आहे, पण वर्षानुवर्षे धार लावणारी माणसेही नव्या सुरीवर ती वापरतात.

दगडाखाली ओले फडके घाला, म्हणजे तो सरकणार नाही. प्रथम खरखरीत बाजू पाण्याने किंवा तेलाने भिजवून एकाच बाजूने, बेताच्या दाबाने, बर सलग उठेपर्यंत घासा. मग पाते उलटून दुसऱ्या बाजूने तेच करा. टोकाकडे पाते वळते तेथे मूठ किंचित उचलत न्यावी लागते, नाहीतर तो भाग दगडाला लागतच नाही. त्यानंतर दगडाची बारीक बाजू घ्या आणि दाब कमी करत जा; शेवटचे काही हात पात्याच्या स्वतःच्या वजनाइतक्याच भाराने, दर हाताला बाजू बदलत फिरवा, म्हणजे बर झिजत झिजत लहान होईल. उरलेली बर चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर काढायची. पट्टा सपाट फळीवर चिकटवा आणि सुरी पाठ पुढे व धार मागे ठेवून ओढा. धार पुढे ठेवली तर ती चामडे कापत जाईल. पट्ट्याच्या शेवटी सुरी वळवण्याच्या भरात पाठ उचलू नका, कारण त्या एका झटक्याने नुकतीच तयार झालेली कड गोल होते.

ही शेवटची पायरी टाळणाऱ्यांना एक फसवा अनुभव येतो. बर ताठ उभी असताना सुरी कागद सहज कापते, पण पहिल्याच काठीवर ती बर मोडते किंवा आडवी पडते आणि सुरी पुन्हा बोथट वाटते. ‘धार लागते पण टिकत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याच वेळा पोलादाचा दोष नसतो, राहून गेलेली बर असते.

प्रश्न : माझ्या सुरीला असा रुंद उतार नाही, पात्याच्या कडेला जेमतेम एक मिलिमीटरची तिरपी पट्टी आहे. मग कोन किती धरावा आणि तो हाताने कसा ओळखावा? (एक वाचक, नाशिक)

रानातल्या सर्वसाधारण कामाच्या सुरीसाठी दर बाजूला २० ते २५ अंश हा कोन योग्य आहे. स्वयंपाकघरातल्या पातळ सुरीला १५ अंश शोभतात, कारण तिला भाजी आणि मांस कापायचे असते. बाहेरच्या सुरीला मात्र वाळलेल्या फांदीची गाठ, हाड आणि बांबू यांच्याशी गाठ पडते. बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असते आणि ती धार भराभर खाते. कोन जितका लहान, तितकी धारेमागे धातूची जाडी कमी. अशी धार कापते सुरेख, पण गाठीवर एकतर वळते किंवा तिचा बारीक कपचा उडतो. वस्तऱ्यासारख्या धारेचा हट्ट डोंगरात नेण्याच्या सुरीसाठी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोन ओळखण्यासाठी कागद पुरेसा आहे. कागदाचा कोपरा ९० अंशांचा असतो. तो एकदा घडी घातला की ४५ आणि दुसऱ्यांदा घातला की साडेबावीस अंश होतात. ही घडी दगडावर उभी ठेवून तिच्या तिरक्या कडेला सुरी लावून पाहा आणि पाठ दगडापासून किती वर राहते ते डोळ्यांत साठवा. ज्यांना मोजून काम करायला आवडते त्यांच्यासाठी हिशेबही सोपा आहे : पाते २५ मिलिमीटर रुंद असेल, तर २० अंशांसाठी पाठीचा मध्य दगडापासून सुमारे साडेआठ मिलिमीटर उंच हवा. पाठ ४ मिलिमीटर जाड असल्यास तिची खालची कड साधारण साडेसहा मिलिमीटरवर येईल. त्या उंचीचा लाकडी तुकडा पहिल्या काही वेळा जवळ ठेवा.

कोन १९ की २२ याची फार चिंता करू नका. जो कोन धरला तो पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत तोच राहणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण मनगट डोलत राहिले तर उतार गोल होत जातो आणि बर उठायला फार वेळ लागतो. कोपरे अंगाशी घेऊन, मनगट आखडून, खांद्यातून हालचाल केली की कोन स्थिर राहतो.

प्रश्न : पाण्याचा दगड, तेलाचा दगड, हिऱ्याची पट्टी आणि सिरॅमिक यांपैकी नवशिक्याने काय घ्यावे? आमच्याकडे दगडावर खोबरेल तेल घालतात, ते चालेल का? (एक वाचक, सावंतवाडी)

कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड हे एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकी संशोधकाने १८९१ च्या सुमारास विजेच्या भट्टीत तयार केले. आपल्याकडे चेन्नईत १९५४ मध्ये स्थापन झालेली कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी अशी घर्षणसाधने बनवते, आणि दोन बाजूंचा असा दगड साध्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो. साध्या कार्बन पोलादासाठी आणि नेहमीच्या स्टेनलेस सुरीसाठी तो पूर्णपणे पुरेसा आहे. त्याची बारीक बाजूही तशी खरखरीतच असते, म्हणून पुढे १००० क्रमांकाचा (क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक) एक पाण्याचा दगड घेतला की बाहेरच्या सुरीचे सगळे काम भागते. ६००० किंवा ८००० क्रमांकाचे दगड सुंदर असतात, पण दोर आणि लाकूड कापणाऱ्या सुरीला थोडी ‘दाणेदार’ धारच जास्त उपयोगी पडते. अतिगुळगुळीत धार दोरावरून सरकते.

क्रमांकांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. जपानी पद्धतीच्या दगडावरचा १००० आणि पॉलिश पेपरवरचा पी १००० हे एकच नव्हेत. पहिल्याचा कण साधारण १४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर दुसऱ्याचा १८ मायक्रॉनच्या आसपास असतो. ज्यांना दगडावर लगेच खर्च करायचा नाही त्यांनी काळा वॉटर पेपर सपाट काचेवर पाण्याने चिकटवून त्यावर घासले तरी धार उत्तम लागते. फक्त धार मागे ठेवून सुरी ओढावी, नाहीतर कागद फाटतो.

हिऱ्याची पट्टी महाग पण हलकी असते, तिला खळगा पडत नाही, आणि काही पोलादांसाठी ती जवळजवळ अनिवार्य आहे. एस३०व्ही या नावाच्या पोलादात सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम हा धातू असतो. व्हॅनेडियम आणि कार्बन यांच्या संयोगाचे, म्हणजे कार्बाइडचे, कण अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असल्यामुळे असा दगड कणांभोवतीचे लोखंड झिजवतो, कणांना मात्र हात लावू शकत नाही. तुमच्या सुरीवर असे नाव कोरलेले असेल तर हिऱ्याचीच पट्टी घ्या. नवी पट्टी पहिल्या काही वापरांत जास्त खरखरीत वाटते आणि मग शांत होते. त्या काळात दाब देऊ नका, कारण दाबाने हिऱ्याचे कण उखडतात.

खोबरेल तेलाबद्दल : तात्पुरते काम होते, पण ते साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, आणि सर्वच खाद्यतेले कालांतराने चिकट होऊन दगडाची छिद्रे बुजवतात. शिलाई मशीनचे पातळ तेल अधिक चांगले. दगड आधीच चिकट झाला असेल तर रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने घासा. एकदा तेल प्यायलेल्या दगडावर नंतर पाणी नीट चालत नाही, म्हणून सुरुवातीलाच एक काय ते ठरवा.

दगडाला मध्ये खळगा पडला आहे का हेही अधूनमधून पाहावे. पेन्सिलने दगडावर चौकटी आखा, काचेवर खरखरीत वॉटर पेपर ठेवून त्यावर दगड पाण्याने घासा. जेथील रेघा शेवटपर्यंत पुसत नाहीत तो खोल भाग. खळगा पडलेल्या दगडावर कोन सांभाळणे अशक्य असते.

प्रश्न : चांगल्या कार्बन पोलादाच्या सुरीला ग्राइंडरवर धार लावून घेतली. टोकाजवळ निळा रंग आला आणि तेव्हापासून तो भाग लगेच बोथट होतो. उपाय काय? (एक वाचक, कोल्हापूर)

सुरीचे पाते घडवताना ते तापवून एकदम थंड करतात, त्याने ते काचेसारखे कठीण आणि ठिसूळ होते. मग सुमारे २०० अंश सेल्सिअसला पुन्हा हलके तापवून ठिसूळपणा काढतात. आपले लोहार या सगळ्याला पाणी देणे म्हणतात. त्या दुसऱ्या तापवण्याहून अधिक उष्णता पात्याला पुन्हा कधी लागली, तर कठीणपणा कमी होतो. साध्या कार्बन पोलादावर २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, २७० ते २८० अंशांना जांभळट आणि ३०० अंशांना निळा रंग येतो. म्हणजे तुमच्या सुरीच्या टोकाने तीनशेचा आकडा गाठला होता. टोक आणि कड पातळ असल्यामुळे उष्णता जायला तेथे जागा नसते, आणि वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर एक-दोन सेकंदही पुरतात.

पॉलिश पेपरने निळा रंग गेला तरी कठीणपणा परत येत नाही. बारीक कानस त्या भागावर आणि मुठीजवळच्या भागावर हलकेच फिरवून पाहा; मऊ पडलेल्या ठिकाणी ती अधिक सहज खाईल. हा भाग दोन-तीन मिलिमीटरच असेल तर दगडावर, भरपूर पाणी वापरून, तो सगळा झिजवून आत शाबूत राहिलेल्या पोलादापर्यंत जाणे हाच घरचा उपाय आहे. भाग मोठा असेल तर जाणत्या लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्यावे लागेल, आणि त्यात पाते वाकण्याचा धोका असतो.

सायकलवर दगड फिरवत दारोदार येणाऱ्या धारवाल्यांना मी या दोषात धरत नाही. पायाने फिरणारा दगड सावकाश चालतो, आणि दाब हलका ठेवून, मधूनमधून पाते पाण्यात बुडवायला सांगितले तर ते काम सुरक्षितपणे करतात. विजेच्या कोरड्या ग्राइंडरपासून मात्र चांगली सुरी दूर ठेवा. घासताना पाते बोटाला चटका देऊ लागले तर थांबायचे, हा नियम रंग दिसण्याची वाट पाहण्यापेक्षा बरा.

प्रश्न : डोंगरात असताना धार गेली तर ओढ्यातल्या दगडावर लावता येते का? गावात लोक विळे-कोयते दगडावरच घासताना दिसतात. (एक वाचक, सातारा)

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पायाखालच्या खडकात आहे. सह्याद्रीचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. काळा, घट्ट, जड असा हा दगड आपल्याला फार कठीण वाटतो, पण त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे कठीणपणाच्या मोह मापावर साधारण ५ ते साडेसहा यांच्या दरम्यान येतात. पाणी दिलेले सुरीचे पोलाद ६ ते साडेसहाच्या आसपास असते. जो पदार्थ पोलादापेक्षा कठीण नाही, तो पोलादाला कापू शकत नाही; तो फार तर चकाकी देतो किंवा वळलेली कड थोडी सरळ करतो. जगभर ज्या नैसर्गिक दगडांवर धार लावली जाते, त्यांत बहुधा क्वार्ट्झ हे खनिज असते आणि त्याचा कठीणपणा ७ आहे. बेसॉल्टमध्ये मोकळे क्वार्ट्झ जवळजवळ नसते.

गावातले विळे-कोयते तुलनेने मऊ पोलादाचे असतात आणि दगडावर पाणी व बारीक वाळू टाकली की वाळूतले क्वार्ट्झ काम करते, म्हणून तेथे ही रीत चालते. तुमची सुरी ५७-५८ रॉकवेलची (रॉकवेल हे पोलादाचा कठीणपणा मोजण्याचे माप) असेल तर ओढ्याकाठी बराच वेळ घासूनही हाती फार काही लागणार नाही, उलट दगडाच्या उंचसखल पृष्ठामुळे धारेला खाचा पडतील. बेसॉल्टच्या पोकळ्यांतून सुटून ओढ्यात आलेली गारगोटी मात्र क्वार्ट्झच्याच कुळातली आहे. तिचा गुळगुळीत, सपाटसा तुकडा मिळाला तर बारीक दगडासारखा शेवटचा हात फिरवायला तो उपयोगी पडतो. कोकणातला जांभा यासाठी निरुपयोगी आहे. याउलट चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूचा वालुकाश्म किंवा सिंधुदुर्गातला क्वार्टझाइट हा खडक हाताशी असेल, तर बारीक दाण्याचा सपाट तुकडा निवडून काम भागवता येते.

यापेक्षा भरवशाचा उपायही आहे. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जे कडे असते त्यावर चकाकीचा लेप नसतो, आणि ते कडे पोलादापेक्षा कठीण असते. कप पालथा ठेवून, घरी धरता तोच कोन धरून, दोन्ही बाजूंनी हलके हात फिरवा. कड्यावर काळे पट्टे उमटले म्हणजे धातू निघतो आहे. मुक्कामाच्या घरात असा कप मागितला तर मिळतोच. चामड्याचा कमरपट्टा खांबाला अडकवून ताणला तर शेवटचे कामही तेथेच होते. तरीही मूळ धार घरी, निवांतपणे, उजेडात लावावी आणि बाहेर ती केवळ जागवावी. थकलेल्या हातांनी, कंदिलाच्या उजेडात खरखरीत दगडावर सुरी घासणे धोक्याचे असते, आणि डोंगरात बोट कापले तर दवाखाना जवळ नसतो.

प्रश्न : कोयत्याला आणि विळ्याला हीच पद्धत लागू पडते का? (एक वाचक, दापोली)

तत्त्व तेच आहे, हालचाल वेगळी. कोयता जड असतो आणि त्याचे पाते आतल्या बाजूला वळलेले असते, त्यामुळे सपाट दगडावर ते बसतच नाही. म्हणून कोयता स्थिर ठेवा आणि दगड फिरवा : पाते फळीला घट्ट आवळा, हातात जाड मोजे घाला, आणि मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता असलेला लांबट दगड किंवा बारीक कानस धारेवरून चालवा. ट्रकच्या कमानपाट्यापासून लोहाराने घडवलेला कोयता कानशीला दाद देतो. कानस फक्त पुढे ढकलताना कापते. मागे आणताना ती उचलावी, नाहीतर तिचेच दात बोथट होतात.

कोयत्याची धार दर बाजूला २५ ते ३० अंश आणि किंचित पोट असलेली ठेवावी, म्हणजे उतार सपाट न राहता कडेकडे हलकासा गोलवा घेत जातो. आघात सोसायला त्या पोटाचाच आधार असतो. पातळ धार केलेला कोयता ओल्या फांदीत सुरेख शिरतो, पण वाळलेल्या नारळाच्या देठावर किंवा बांबूच्या गाठीवर त्याचा कपचा उडतो. दातेरी विळ्याचे दात लोहार छिन्नीने एकाच बाजूला पाडतो. ती बाजू घरी घासू नये, मागची सपाट बाजू दगडावर दोन-तीनदा फिरवून बर काढावी आणि दात झिजले की विळा लोहाराकडे न्यावा.

प्रश्न : खेचून धार लावण्याचे छोटे यंत्र वापरावे का? आणि अर्ध्या पात्याला दाते असलेल्या सुरीचे काय करावे? (एक वाचक, ठाणे)

त्या यंत्रातल्या कार्बाइडच्या दोन पट्ट्या धातू झिजवत नाहीत, खरवडून काढतात. धार तात्काळ लागते, पण कड फाटलेली राहते, कोन यंत्राचा असतो आणि सुरीचे आयुष्य कमी होते. स्वयंपाकघरातल्या स्वस्त सुरीसाठी ठीक. डोंगरातल्या सुरीसाठी मी ते सुचवणार नाही, आणि रुंद उताराच्या सुरीसाठी तर मुळीच नाही. दात्यांसाठी निमुळती सिरॅमिक किंवा हिऱ्याची कांडी मिळते. दात्यांचा उतार एकाच बाजूला असतो, त्या बाजूने एकेका खाचेत कांडी फिरवा आणि मागची बाजू सपाट दगडावर अगदी हलकी ओढून बर काढा.

प्रश्न : जून ते सप्टेंबर सुरीवर गंज चढतो. धार लावून ठेवली तरी महिन्याभरात ती कापत नाही. (एक वाचक, महाड)

धारेची कड इतकी पातळ असते की पात्यावर गंज दिसण्याच्या आधीच ती खाल्ली गेलेली असते. म्हणून न वापरताही सुरी बोथट होते. कार्बन पोलादाची सुरी चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका. चामडे ओल धरते. वापरानंतर, विशेषतः लिंबू, कोकम, चिंच किंवा कांदा कापल्यावर, सुरी लगेच धुऊन कोरडी करा. या पदार्थांनी पात्यावर येणारी करडी-निळसर छटा निरुपद्रवी आहे आणि लाल गंजाला थोडाफार अटकावही करते. ती घासून काढण्याची गरज नाही. लाल गंज मात्र दिसताक्षणी तेल आणि बारीक वॉटर पेपरने काढावा. साठवताना औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन धारेसकट सगळ्या पात्याला पुसून लावा. ते चिकट होत नाही आणि खाण्याच्या वस्तू कापण्याच्या सुरीलाही चालते. स्टेनलेस पोलादाच्या सुरीलाही दमट हवेत ठिपके पडतात, तेव्हा तीही अगदी कोरडी ठेवावी.

प्रश्न : अशी सुरी ट्रेकला नेणे कायदेशीर आहे का? (एक वाचक, अहिल्यानगर)

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेली साधने त्यातून वगळलेली आहेत. डोंगरात चार इंचांचे पाते सर्व कामांना पुरते, त्यामुळे मोठे पाते घेण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र लहान सुरीलाही पूर्ण मोकळीक आहे असे समजू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांत सुऱ्यांचाही समावेश असतो.

ट्रेकिंग करणाऱ्यांनी याहून जास्त लक्ष द्यावे ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ कडे. या कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत सुरीचा नावानिशी समावेश आहे, आणि कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीखेरीज शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत. भीमाशंकर आणि कोयना ही अभयारण्येच आहेत. तेथे लाकूड तोडण्यालाही मनाई आहे. अशा ठिकाणी जाताना सुरी घरी ठेवावी, आणि भाजी कापण्यापुरती लागणार असेल तर पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे जेवण ठरवले आहे त्यांच्याकडेच ते काम सोपवावे. विमानाने प्रवास करणाऱ्यांनी सुरी हातातल्या पिशवीत ठेवू नये. ती म्यानात घालून, वर जाड पुठ्ठा गुंडाळून, विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानात ठेवावी, म्हणजे सामान तपासणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही.